गोराई–मनोरीतील भूजलाची प्रदूषणप्रवणता

जमिनीवरची घाण किंवा शेजारचे खारे पाणी भूजलात किती सहज शिरेल, याची आगाऊ पारख म्हणजे प्रदूषणप्रवणतेचे मूल्यमापन. पाणी आज नासले आहे का, हा वेगळा प्रश्न. मुंबई उपनगरात ही पारख विशेष गरजेची आहे ती बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडच्या गोराई–मनोरी पट्ट्यात. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. ये-जा बोटीने, नाहीतर भाईंदर–उत्तनच्या वळशाने.

अशा चिंचोळ्या भूभागाखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. घायबेन–हर्झबर्ग सूत्रानुसार समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असते. त्यामुळे अति उपशाने पातळी हातभर उतरली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर चढू शकते आणि विहीर मचूळ होते. फटींच्या खडकात हे सूत्र ढोबळच लागू पडते.

मूल्यमापनाच्या दोन पद्धती येथे उपयोगी आहेत. अमेरिकेत 1987 मध्ये मांडलेली ‘ड्रास्टिक’ पद्धत भूजलाची खोली, पुनर्भरण, माती, उतार अशा सात घटकांना गुण देते. ‘गॅल्डिट’ ही गोवा विद्यापीठातील ए. जी. चचडी आणि पोर्तुगालचे लोबो-फेरेरा यांची पद्धत बार्देश तालुक्याच्या किनाऱ्यावर वापरली गेली. तिच्या सहा घटकांत समुद्रसपाटीपासून भूजलाची उंची आणि किनाऱ्यापासूनचे अंतर यांना सर्वाधिक, प्रत्येकी 4, भार आहे.

पहिली पद्धत वरून झिरपणाऱ्या घाणीचा अंदाज देते, दुसरी खाऱ्या पाण्याचा. एकच वापरली तर निम्मा धोका नजरेआड होतो. पावसाळ्यात पातळी जमिनीलगत येते, शोषखड्ड्यातले मैलापाणी वाळूत गाळले जाण्याआधीच विहिरीला मिळू शकते. मे महिन्यात त्याच विहिरीत क्षार वाढतात. विहीर आणि शोषखड्डा यांतले अंतर तर ‘ड्रास्टिक’मध्ये मोजलेच जात नाही. ते गावात फिरून, टेप लावूनच नोंदवावे लागते.

2007 मध्ये बंद झालेली गोराईची कचराभूमी खाडीच्या बोरिवलीकडच्या तीरावर आहे. भूजल दोन्ही काठांवरून खाडीकडेच वाहत असल्याने तिचा निचरा पलीकडच्या विहिरींत थेट पोहोचण्याची शक्यता कमी. अंगणातला शोषखड्डा अधिक जवळचा धोका आहे.

या पद्धतींच्या गुणांवरून काढलेला प्रवणतेचा नकाशा पडताळण्यासाठी मे आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत नमुने घ्यावेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे; क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा 250, तर पर्यायी स्रोत नसल्यास 1,000 मिलिग्रॅम आहे.