लष्कर : तळाचे शहर झाले त्याची गोष्ट

ग्वाल्हेरला पाहुणा आला की आपण त्याला आधी किल्ल्यावर नेतो. मानमंदिर, तेली का मंदिर आणि सासबहूची देवळे पाहून तो थक्क होतो. पण ते वैभव आपल्या पूर्वजांच्या येण्यापूर्वीचे आहे. मराठी माणसाने उभारलेले ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी आहे आणि त्याचे नावच मुळी लष्कर.

1810 साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी येथे हलवली. आधी राहुट्या पडल्या, मग वाडे उठले आणि फौजेचा तळ कायमचा झाला. आजही मोहल्ल्यांची नावे ती हकीकत सांगतात. कंपू म्हणजे कवायती पलटणींची छावणी, जिन्सी म्हणजे तोफखाना. फाळका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ ही तर सरदार-मानकऱ्यांच्या नावांची यादीच आहे. 'वाडा' हा आपला शब्द हिंदी जिभेवर 'बाडा' झाला आणि महाराज बाडा शहराचा मध्य ठरला.

या बाड्याला लागूनच गोरखी आहे. जयविलास बांधला जाण्यापूर्वी शिंद्यांचा राहता वाडा हाच. येथील देवघरात दसऱ्याची पूजा आजही होते. महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशाह या सूफी संताला गुरू मानत. त्यांचे स्थानही याच गोरखीत जपलेले आहे. कुलदैवत आणि अवलिया यांना एकाच आवारात नांदवणारी ही श्रद्धा शिंद्यांनी दक्षिणेतून सोबत आणली.

1874 साली जयाजीरावांनी जयविलास पूर्ण केला. त्याचे शिल्पकार सर मायकेल फिलोज. हे मूळचे इटलीतले ख्रिस्ती घराणे महादजींच्या काळात शिंद्यांच्या फौजेत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या येथलेच झाले. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून मजबुती पाहिली, असे सांगतात. 1964 पासून राजवाड्याच्या एका भागात संग्रहालय आहे.

छत्री बाजारातल्या छत्र्या आणि शिवपुरीतल्या सख्याराजे व माधवराव यांच्या समोरासमोरच्या छत्र्या या निव्वळ स्मारके नाहीत. दिवंगतांची सेवा तेथे देवासारखी होते. माय-लेकरांच्या छत्र्यांत तर संध्याकाळी गाणेही होत आले आहे.

फूलबागेतील समाधीपाशी मात्र मन जड होते. जून 1858 मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाईंनी ग्वाल्हेर घेतले, तेव्हा जयाजीराव आग्र्यास निघून गेले. 18 जूनला राणी रणात पडल्या आणि बाबा गंगादासांच्या मठाजवळ त्यांचा अग्निसंस्कार झाला. इंग्रजांशी लढणारे मराठे आणि त्यांच्याशी सख्य राखणारे मराठे, दोघांच्याही खुणा या एकाच शहरात आहेत. त्यांतली एक दाखवून दुसरी झाकणे हा इतिहास नव्हे.

काही वास्तू दगडापेक्षा सुरांनी उभ्या आहेत. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली शंकर गांधर्व विद्यालय काढले. माधवरावांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली 1918 साली माधव संगीत विद्यालय निघाले. तानसेन समारोहाची सकाळ आजही तानसेनाच्या समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने उजाडते.

आणि आपला गणेशोत्सव? 1892 साली पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला आले होते. येथला दरबारी थाटाचा उत्सव पाहून त्यांनी पुण्यात तशी कल्पना मांडली, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी तेथे सार्वजनिक गणपती बसले. आपण पुण्याचे अनुकरण करतो असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राजवाडे आणि छत्र्या सांभाळायला कोणी ना कोणी आहे. धोका आहे तो गल्ल्यांमधल्या साध्या मराठी वाड्यांना. भाऊबंदांत वाटण्या होतात, मुले नोकरीसाठी दूर जातात, चौक पाडून दुकाने निघतात. त्यात दोष कोणाचा नाही. घर चालवायचेच असते. पण वाडा विकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढता येतात. देवघराची जागा, विहीर, दरवाज्यावरचा गणेश, बांधणाऱ्याचे नाव टिपून ठेवता येते. माळ्यावरच्या मोडी कागदांचे गाठोडे रद्दीत न घालता जाणकाराला दाखवता येते. दोनशे वर्षांपूर्वी तळ ठोकून राहिलेल्या माणसांची नावे बहुधा त्याच गाठोड्यात आहेत, आणि त्यांत आपलेही आडनाव असेल.