वजन घटविणाऱ्या नव्या शस्त्रक्रिया : लाभ, गुंतागुंत आणि पाठपुरावा

स्थूलतेवरील शस्त्रक्रियांसाठी देशात ज्या शहरांची नावे घेतली जातात, त्यांत इंदूर आहे. श्री ऑरोबिंदो वैद्यकीय संस्थेच्या परिसरातील डॉ. मोहित भंडारी यांचे मोहक रुग्णालय या उपचारांसाठी ओळखले जाते. तेथे किंवा अन्य मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून रुग्ण काही दिवसांत गावी परततो. गुंतागुंत मात्र अनेकदा घरी परतल्यावरच डोके वर काढते.

जठराचा मोठा भाग कापून नळीसारखे जठर उरविणारी ‘स्लीव्ह’ आणि जठर व आतडे दोन ठिकाणी जोडणारी ‘रू-एन-वाय बायपास’ या रुळलेल्या पद्धती होत. त्यानंतरच्या ‘मिनी बायपास’मध्ये जोड एकच असतो. अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट रटलेज यांनी ती १९९७ मध्ये प्रथम केली. ‘साडी-एस’ ही पद्धत २००७ मध्ये माद्रिदमध्ये सुरू झाली. ‘ईएसजी’मध्ये जठर न कापता दुर्बिणीतून आतून टाके घातले जातात.

फ्रान्समधील २५३ रुग्णांच्या अभ्यासात (‘लॅन्सेट’, २०१९) दोन वर्षांनंतर मिनी बायपासने घटलेले वजन रू-एन-वायच्या तोडीचे आढळले. तथापि गंभीर दुष्परिणामांच्या घटना मिनी बायपास गटात ४२, तर दुसऱ्या गटात २४ होत्या. त्या ४२ पैकी ९ पोषणाशी निगडित होत्या. दुसऱ्या गटात अशी एकही नव्हती. ईएसजीच्या अमेरिकेतील अभ्यासात (२०२२) वर्षभरात सरासरी १३.६ टक्के वजन घटले आणि गंभीर दुष्परिणाम सुमारे २ टक्के रुग्णांत दिसले. येथे धोका कमी. पण वजनातील घटही शस्त्रक्रियेपेक्षा कमी.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, जलद नाडी व पोटदुखी आढळल्यास टाक्यांतून गळतीची शंका घ्यावी. सतत उलट्या होऊन तोल जाऊ लागला किंवा दोन प्रतिमा दिसू लागल्या, तर ते थायमिन अर्थात ब१ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाचे लक्षण असू शकते. अशा वेळी थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूला इजा होऊ शकते. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही अचानक तीव्र कळा आल्यास आतडे अडकल्याची शक्यता असते. धूम्रपान व वेदनाशामक गोळ्यांमुळे जोडापाशी व्रण होतो. स्लीव्हनंतर आम्लपित्त बळावू शकते, तर मिनी बायपासनंतर पित्त उलटे जठरात येऊ शकते.

ब१२, लोह, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व यांची पूरके आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर आवश्यक असते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला जातो.

म्हणून बाहेरगावी शस्त्रक्रिया करणाऱ्याने निघण्यापूर्वी तिचा नेमका प्रकार आणि वगळलेल्या आतड्याची लांबी लेखी घ्यावी व ते टिपण स्थानिक डॉक्टरांकडे द्यावे. आणीबाणीच्या प्रसंगी उपचारांची दिशा त्यावरच ठरते.