रातांब्याच्या बीतला इतिहास

कोकम म्हटलं की आपल्याला सोलकढी आठवते, आमटीतलं आमसूल आठवतं, उन्हाळ्यातलं लालभडक सरबत आठवतं. ही सगळी सालीची करामत. आज मला बोलायचंय ते बीविषयी. साल सोलल्यावर मागे राहणाऱ्या या बियांमधून कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एक पांढरट, घट्ट तेल काढत आल्या. टाचेला भेग पडली, थंडीत ओठ फुटले, की हेच तेल लावायचं. आता ते ‘कोकम बटर’ या नावाने चकचकीत डबीत बसून शहरातल्या दुकानात आलं आहे.

हे झाड सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातलं. फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल, गोव्याकडे सरकलात की भिरंड. तेलाचे गोळे मुठीत वळतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. एकाच झाडाला एवढी नावं, म्हणजे माणसाचा त्याच्याशी घरोबा जुना असणार.

लिखित इतिहासात हे फळ ठसठशीतपणे भेटतं ते १५६३ साली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याची ये-जा होती. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात ‘ब्रिंडोएस’ नावाचं फळ आहे. आतून लाल, चवीला फार आंबट, रंगाऱ्यांच्या आणि शिर्का करणाऱ्यांच्या उपयोगाचं. हे आपलं भिरंडच! परक्या जिभेवर शब्द जरा वाकला, इतकंच. पुढे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच शब्दावरून ‘ब्रिंडोनिया’ हे नाव घडवलं. १८२४मध्ये श्वाझीने झाडाला ‘गार्सिनिया इंडिका’ या नावाखाली आणलं. तेच नाव आजही चालतं.

ऑर्ताचं लक्ष आंबटपणाकडे आणि रंगाकडे होतं. तेलाला शास्त्रीय ग्रंथात स्वतंत्र जागा मिळालेली दिसते ती तीनशे वर्षांनी. १८७४मध्ये लंडनहून फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ निघाला. त्यात कोकमाच्या तेलावर वेगळं प्रकरण आहे. वैद्याचं नाव राहिलं, शास्त्रज्ञांची नावं राहिली. ज्या बाईने पहिल्यांदा ही बी फोडून पाहिली, तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

तिची रीत पाहा. बिया धुऊन कडकडीत उन्हात वाळवायच्या. कुटून टरफल काढायचं. आतला गर वाटून पाण्यात उकळायचा आणि भांडं रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी वर पांढरट साय धरलेली असते. ती काढून, पुन्हा कढवून, गोळे वळायचे. बीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल निघतं. भात लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलेल्या पावलांसाठी दुसरं मलम घरात कुठून असणार? निखाऱ्यावर गोळा जरा धरायचा आणि पातळ झालेलं तेल भेगेत भरायचं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि तिसऱ्या हिश्शाहून अधिक ओलिक आम्ल असतं. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खोलीत घट्ट राहतं आणि त्वचेवर चोळलं की मऊ होतं. त्याचा पातळ थर त्वचेतलं पाणी उडू देत नाही. कोरडेपणा कमी होतो आणि भेग भरून यायला अवसर मिळतो. गुण एवढाच, आणि तो लहान नाही. मात्र सुरकुत्या जातात, रंग उजळतो, या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवर याने भागत नाही. ती बुरशी असते. आणि मधुमेह असलेल्यांनी पायाची भेग आधी डॉक्टरांना दाखवावी. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचा कोळ लावतात, तो वेगळा घरगुती उपाय. तो सालीचा, हे तेल बीचं.

जगाने या बीची दखल घेतली आहे. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटविषयी नियम केला. कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली, त्यांत कोकम आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांनाही ते हवं असतं.

पण झाडाखाली काय चित्र आहे? उशिरा पिकलेली फळं पहिल्या पावसात सापडून कुजतात. नर आणि मादी झाडं वेगळी. बी पेरून वाढवलेलं झाड नर निघालं, तर सहा-सात वर्षांची वाट पाहणं फुकट जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, मादी झाडाची कलमंही मिळतात. तरी साल विकून बी उकिरड्यावर टाकणारी घरं आहेत. तेल काढण्याची मेहनत मोठी, आणि दारात येणारा व्यापारी देईल तोच भाव.

म्हणून पुढच्या खेपेला कोकणात गेलात, तर आमसुलांबरोबर मुठेलाचा गोळाही मागा. बचत गटाच्या बायकांकडून, त्या सांगतील त्या किमतीला घ्या. कुणी वळला तेही विचारा. साडेचारशे वर्षांच्या कागदांनी जे नाव टिपलं नाही, ते निदान आपल्या कानावर पडू दे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)