‘इज्जती’चं कलम कुठून आलं?

एखाद्या मुस्लिम देशातून ऑनर किलिंगची बातमी आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, ‘यांच्या धर्मातच हे आहे.’ आपण म्हणतो, ‘इस्लामचा याच्याशी काहीही संबंध नाही.’ दोन्हीकडचे लोक एवढं बोलून मोकळे होतात. कायद्याचा इतिहास चाळला तर मात्र दोघांचीही अडचण होते.

सुरुवात मदिनेपासून करू. कुरआनच्या सूरह नूरमध्ये स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेणाऱ्याला चार साक्षीदार आणायला सांगितलं आहे. ते आणले नाहीत, तर आरोप करणाऱ्यालाच ऐंशी फटके. मग प्रश्न आला की नवऱ्यानेच डोळ्यांनी पाहिलं आणि साक्षीदार नसतील, तर त्याने काय करायचं? हिलाल बिन उमय्या या सहाबींनी आपल्या पत्नीवर असाच आरोप केला होता. त्यावर ‘लिआन’चा मार्ग आला. नवऱ्याने चार वेळा शपथ घ्यायची आणि पाचव्यांदा, आपण खोटे असलो तर अल्लाहची लानत आपल्यावर होवो, असं म्हणायचं. पत्नीनेही तसंच करायचं. तिने शपथ घेतली की तिला शिक्षा नाही. विवाह संपतो आणि दोघं वेगळे होतात. रागावलेल्या नवऱ्याला इथे शपथ घेता येते, हत्यार उचलता येत नाही. शिवाय तिच्या शपथेचं वजन त्याच्या शपथेइतकंच आहे.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. जॉर्डनच्या 1960 च्या दंडसंहितेत 340 वं कलम होतं. पत्नीला किंवा महरम स्त्रीला व्यभिचार करताना पकडून ठार मारणाऱ्या पुरुषाला त्यात सूट होती. 1999 मध्ये हे कलम रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. कलम गेलं तर पाश्चात्त्य अनैतिकता बोकाळेल, असा विरोधकांचा सूर होता.

पण या कलमाचं खानदान शोधत गेलं तर आपण पोहोचतो पॅरिसला. उस्मानी साम्राज्याने 1858 मध्ये नवी दंडसंहिता आणली, ती नेपोलियनच्या 1810 च्या फ्रेंच दंडसंहितेच्या साच्यावर बेतलेली होती. फ्रेंच संहितेच्या 324 व्या कलमानुसार, पत्नीला स्वतःच्या घरात परपुरुषासोबत रंगेहाथ पकडून दोघांना मारणाऱ्या नवऱ्याचा गुन्हा क्षम्य होता. नवऱ्याला मारणाऱ्या पत्नीला ही सवलत नव्हती. उस्मानी संहितेत हेच 188 वं कलम झालं आणि पुढे अरब देशांच्या कायद्यांत उतरलं. म्हणजे ज्याला ‘आपली संस्कृती’ म्हणून कवटाळलं गेलं, तो युरोपचा माल होता.

इथवर वाचून कुणाला हायसं वाटेल. थोडं थांबा. फ्रेंच कलमात फक्त नवरा आणि बायको होते. उस्मानी कलमात महरम स्त्रियाही आल्या, म्हणजे बहीण आणि मुलगीसुद्धा. नवऱ्याची सवलत भावाला आणि बापालाही मिळाली. ही भर आपली होती.

युरोपने आपली कलमं काढली, तीही फार पूर्वी नाही. फ्रान्सने 1975 मध्ये. इटलीत ‘इज्जती’साठी पत्नी, मुलगी किंवा बहिणीला मारणाऱ्याला अवघी तीन ते सात वर्षं शिक्षा होती. ते कलम 1981 मध्ये गेलं.

आपल्या उपखंडात हा विचार इंग्रजांकडून आला. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ हा अपवाद होता. प्रक्षोभ सिद्ध झाला की खुनाचा गुन्हा सौम्य होतो. मुंबईचा 1959 चा नानावटी खटला याच मुद्द्यावर गाजला. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. शेवटी 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत काही तास गेले होते, डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्या ज्युरीला कुणी शरियत शिकवली नव्हती.

पाकिस्तानातही हाच अपवाद वापरला जात होता. 1990 मध्ये तिथे किसास आणि दियतचा अध्यादेश आला. खून झालेल्याच्या वारसांना माफी देण्याचा किंवा भरपाई घेण्याचा हक्क मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी टोळ्यांची वैरं थांबावीत, म्हणून माफीचा मार्ग होता. पण खुनी भाऊ असेल आणि वारस बाप असेल, तर माफ करणारा आणि माफी घेणारा एकाच दस्तरख्वानवर जेवतात. शिवाय अपत्याच्या खुनासाठी बापावर किसास नाही, हे बहुतेक फकीहांचं मत आहे. याचं खापर नेपोलियनवर फोडता येत नाही.

6 एप्रिल 1999 रोजी लाहोरमध्ये सामिया सरवर वकील हिना जिलानी यांच्या कार्यालयात बसली होती. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून तिला तलाक हवा होता. आई भेटायला आली, सोबतच्या माणसाने तिला गोळी घातली. घरच्यांना शिक्षा झाली नाही. सिनेटमध्ये निषेधाचा साधा ठरावही संमत झाला नाही. 2016 मध्ये कंदील बलोचला भावाने मारलं, तेव्हा देश हादरला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि अशा खुनात घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप ठरली. भावाला 2019 मध्ये ती झालीही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. आईने माफ केलं होतं.

म्हणून ‘इस्लामचा संबंध नाही’ एवढं म्हणून भागत नाही. लिआनचा हुकूम आपल्याकडे होता. तो बाजूला ठेवून आपण उसनं कलम स्वीकारलं, ते वाढवलं आणि वर माफीचा दरवाजाही उघडा ठेवला. हे सगळं माणसांनी केलं, माणसांनीच ते बदललंही. ट्युनिशियाने 1993 मध्ये आपलं कलम काढलं, लेबनॉनने 2011 मध्ये. जॉर्डनने 2017 मध्ये ‘रागाच्या भरात’ ही सबब अशा खुनांसाठी बंद केली. त्यामागे तिथल्या मुस्लिम स्त्रियांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती.

आपल्या मोहल्ल्यातही एक बिनलिखित कलम आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला ‘बेटा, सबर कर’ म्हणून परत पाठवलं जातं. बाप, भाऊ आणि जमातीतले चार बुजुर्ग मिळून नवऱ्याला माफ करून टाकतात. तिला कुणी विचारत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, राहतं घर सोडावं लागत नाही. जुम्म्याच्या बयानात हे एकदा तरी सांगायला काय हरकत आहे? आणि सबर करायचाच असेल, तर तो आधी ज्याचा हात उठतो त्याला शिकवावा.