एरर ४१८ : ‘मी चहाची किटली आहे!’

‘एरर ४०४’ सगळ्यांना माहितीय. पेज सापडलं नाही की तो दिसतो. पण ‘४१८’चा अर्थ काय? ‘मी चहाची किटली आहे!’

१ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर यांनी इंटरनेटवरून कॉफीपात्र चालवण्याचे ‘नियम’ प्रसिद्ध केले. ब्राउझर आणि वेबसाइट एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीचा वाट्टेल तसा वापर करणाऱ्यांना काढलेला तो चिमटा होता. त्यानुसार किटलीला कॉफी करायला सांगितलं, तर तिने ४१८ हे उत्तर द्यायचं. ही कोटी एका इंग्रजी बालगीतातल्या किटलीवरची.

प्रोग्रॅमर्सनी गंमत म्हणून हा कोड खऱ्या सॉफ्टवेअरमध्येही घातला. २०१७ मध्ये नोड डॉट जेएस आणि गो यांतून तो काढण्याची सूचना आली. मुद्दा रास्त होता: ४०० ते ४९९ मध्ये आकडे फक्त १००. त्यातला एक विनोदाने अडवला, तर खऱ्या कामाला कमी पडणार. पण ‘४१८ वाचवा’ मोहीम सुरू झाली आणि कोड टिकला.

२०२२ च्या अधिकृत एचटीटीपी नियमावलीत ४१८ राखीव आहे. कारणही तिथेच दिलंय: हा विनोद इतका पसरलाय, की हा आकडा आता दुसऱ्या कामाचा उरलेला नाही.