शेजाऱ्याला वाढू न देणारी वनस्पती : गोल्डन रॉडचा प्रवास

फुलांच्या गुच्छात गुलाबाच्या किंवा जरबेराच्या मागे बारीक पिवळ्या फुलांचे तुरे खोचलेले असतात. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की दादरचा बाजार, फुलवाले त्याला ‘गोल्डन रॉड’ म्हणतात. याच घराण्यातल्या दोन जातींवर, म्हणजे कॅनडा गोल्डन रॉड आणि त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा उंच गोल्डन रॉड यांच्यावर, एक गंभीर आरोप आहे. त्या मुळांतून रसायने सोडून शेजारच्या झाडांची वाढ रोखतात, असा. हा आरोप कसा तपासला गेला, ते आज पाहू.

या दोन्ही जाती मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. तिथल्या माळरानांवर त्या इतर गवता-झुडपांबरोबर राहतात. सतराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये गोल्डन रॉड आला तो शोभेसाठी. पुढे तो बागेचे कुंपण ओलांडून नदीकाठी आणि पडीक शेतांत शिरला. जपानमध्येही तो मेजी काळात असाच आला. चीनमध्ये 1930च्या दशकात आला. तिन्ही ठिकाणी त्याला माणसानेच, फुले आवडली म्हणून, हौसेने आणले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रेल्वेचे बांध, ओस पडलेली शेते, बंद पडलेल्या कोळसा खाणींचा परिसर पिवळाधमक होऊ लागला. जिथे गोल्डन रॉड दाटला, तिथे दुसरे फारसे काही दिसेना.

एक वनस्पती दुसरीला त्रास देते ही कल्पना नवी नाही. चिंचेखाली काही धड उगवत नाही, असे आपल्याकडचे जुने शेतकरी सांगतात. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधते असे लिहून ठेवले आहे. 1937 साली व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी या प्रकाराला ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले. ‘एकमेकांचे’ आणि ‘सोसणे’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे.

नाव मिळाले, पण पुरावा? अडचण अशी की गोल्डन रॉडकडे इतरही शस्त्रे आहेत. तो दीड-दोन मीटर उंच वाढतो आणि खालच्यांचे ऊन अडवतो. हळदीसारखे त्याचे खोड जमिनीखाली आडवे पसरते आणि तिथून नवे कोंब फुटतात. एका दांड्यावर हजारो बिया धरतात आणि वाऱ्यावर उडतात. मग शेजारी मेला तो सावलीने, पाण्यावाचून, की विषाने?

घाईने निष्कर्ष काढला तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथे सुगंधी झुडपांभोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा दिसे. 1964 साली कॉर्नेलियस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की झुडपांच्या पानांतून उडणारी रसायने गवत उगवू देत नाहीत. स्पष्टीकरण अनेकांना पटले. 1970 साली ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्या पट्ट्यावर जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवले! झुडपांत लपणारे उंदीर आणि इतर लहान प्राणी बाहेर येऊन बिया आणि कोंब फस्त करत होते. रसायनांचा वाटा पूर्ण खोडला गेला नाही, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकता येईना.

गोल्डन रॉडच्या बाबतीत ठोस काम झाले ते जपानमध्ये. 1980 साली तिथल्या संशोधकांनी उंच गोल्डन रॉडच्या जमिनीखालच्या भागांतून डीएमई या संक्षिप्त नावाचे एक रसायन वेगळे काढले. ते इतर वनस्पतींची वाढ रोखत होते. गंमत म्हणजे ते खुद्द गोल्डन रॉडच्या रोपांनाही बाधत होते. पुढे जपानमधले अनेक दाट ताटवे विरळ झाले आणि सुसुकी हे तिथले उंच गवत परत आले. त्यामागे हे स्वतःचेच विष आहे असे अनेकजण मानतात. किडी आणि जमिनीतला बदल हीही कारणे सांगितली जातात.

मग अमेरिकेत हाच गोल्डन रॉड शेजाऱ्यांबरोबर कसा नांदतो? याचे एक उत्तर 2000 साली रॅगन कॅलवे आणि एरिक आशहाउग यांच्या प्रयोगातून पुढे आले. तो प्रयोग दुसऱ्या एका वनस्पतीवर होता, युरेशियातून अमेरिकेत गेलेल्या सेंटॉरियावर. तिच्या मायदेशातल्या गवतांना तिचा त्रास कमी झाला, अमेरिकेतल्या गवतांना जास्त. हजारो वर्षे शेजारी राहिलेल्यांना एकमेकांच्या रसायनांची सवय होते, परक्या मुलखातल्यांना ती नसते, असा हा विचार. गोल्डन रॉडचा प्रवास उलट्या दिशेचा, पण प्रश्न तोच.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. गाजर गवत हे गोल्डन रॉडच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले. तेही अमेरिका खंडातले. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर आहे. त्याच्यातले पार्थेनिन हे द्रव्य इतर रोपांची वाढ रोखते आणि माणसाच्या त्वचेलाही त्रास देते. 1984 साली बंगळूरमध्ये त्यावर मेक्सिकन भुंगे सोडले गेले. भुंगे पाने खातात, तरी गवत हटलेले नाही.

गाजर गवत कुणी हौसेने लावले नव्हते, गोल्डन रॉड मात्र लोकांनी निवडून नेला. म्हणून नर्सरीतून परदेशी रोप घेताना फुलाचा रंग पाहावाच, पण दोन गोष्टी आणखी विचाराव्यात. याचे बी कुठवर उडते? आणि हे आपल्या मुलखात शेजाऱ्यांशी कसे वागते? बागेत एक रोप असते तोवर ते उपटता येते. माळ भरल्यावर पिढ्या जातात.