दुसऱ्या खेपेचा गुन्हा



भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे १९६९ साली त्या दगडी भिंतीला तडे गेल्याचे दिसून आले. तडा दिसला म्हणून कोणी धरण पाडले नाही, की दिसलाच नाही असे म्हणून कोणी स्वस्थही बसले नाही. तडा कोठे, कशाने, हे तपासले आणि मागून टेकू देऊन भिंत बळकट केली. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ही रीत पाळली का?

आजचा विषय अवघड आहे. घरात लेकीबाळी ऐकत असतात, म्हणून आपण तो टाळतो. पण त्यांच्यासाठीच तो बोलला पाहिजे. बायका-मुलांवर एकदा अत्याचार करून पुन्हा तेच करणारा माणूस ओळखावा कसा, आणि त्याचे करावे काय?

जुन्या सरकारने याचे उत्तर भलत्याच ठिकाणी शोधले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारध्याच्या पोटी जन्मलेले पोर पाळण्यातच संशयित झाले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. मनातला शिक्का काही पुसला नाही.

दुसरीकडे गंमत पाहा. १८६० च्या दंडसंहितेत ७५ वे कलम होते. खोटी नाणी पाडणे, चोरी, दरोडा असा गुन्हा पुन्हा करील त्याला वाढीव शिक्षा. स्त्रीची अब्रू पुन्हा लुटील त्याच्यासाठी तसे कलम नव्हते. ते ३७६ ई या नावाने आले २०१३ साली. म्हणजे दीडशे वर्षे कायद्याने चोराच्या खेपा मोजल्या, याच्या नाही!

त्याच २०१३ साली मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात काय घडले, ते आठवते ना? २२ ऑगस्टला एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. तपासात कळले, की ३१ जुलैला त्याच जागी दुसऱ्या एका मुलीवर असाच प्रसंग गुदरला होता, आणि तीन आरोपी दोन्हीकडे होते. पहिली मुलगी भीतीने गप्प राहिली होती. दोष तिचा नव्हे. बोलणारीकडेच बोट दाखवणाऱ्या आपल्या समाजाचा. तिघांना २०१४ साली नव्या कलमाखाली फाशी झाली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत कारावास दिला.

आता मानसशास्त्र काय म्हणते? 'हा चेहऱ्यावरूनच नराधम दिसतो' असल्या अंदाजाला तेथे थारा नाही. तेथे हिशेब मांडतात. आधी किती गुन्हे, कोणत्या वयात, बळी ओळखीचा की परका, अशा गोष्टींची नोंद घेऊन धोका कमी की जास्त ते ठरवतात. कॅनडा आणि इंग्लंडमधील अभ्यासकांनी १९९९ साली केलेले दहा प्रश्नांचे मोजमाप पुढे अनेक देशांत वापरात आले.

उपचाराची कथा एवढी सरळ नाही. इंग्लंडच्या तुरुंगांतून १९९१ पासून अशा कैद्यांना गटात बसवून शिकवणी देत. २०१७ साली पडताळा घेतला, तर शिकवणी घेतलेल्यांपैकी दर शंभरी दहा जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न घेतलेल्यांपैकी आठांनी. सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मग उपचार फोल का? तसेही नाही. २०१९ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण साडेनऊ टक्के, न घेतलेल्यांत चौदा टक्के निघाले. जाणत्या मानसशास्त्रज्ञाच्या हाताने केलेल्या कामाला गुण येतो. औषध चांगले असले तरी वैद्यही जाणता लागतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे २०१८ पासून अशा गुन्हेगारांची देशव्यापी नोंदवही पोलिसांसाठी आहे. फाशीच्या खटल्यांत आरोपीच्या मनाची तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. नोंद झाली, तपासणीचीही सुरुवात झाली. तुरुंगातल्या उपचाराला मात्र अजून पुष्कळ हात लागायचे आहेत.

पण मंडळी, ही सारी व्यवस्था सुरू होते पहिल्या तक्रारीपासून. बहुतेक वेळा हा माणूस परका नसतो. नात्यातला, शेजारचा, ओळखीचाच असतो. 'गावची अब्रू जाईल, मिटवून टाका' असे म्हणत पंच जेव्हा प्रकरण दाबतात, तेव्हा ते दुसऱ्या मुलीचे दार त्याला उघडून देतात. गुरुजी, बाई, तुमच्यावर तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने जबाबदारीच टाकली आहे: मुलावर अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना कळवायचे, न कळवणे हा गुन्हा. १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि एखादे पोर अचानक अबोल झाले, तर त्याच्याजवळ बसा.

तडा लहान असतो तेव्हाच तो दाखवावा लागतो.